विस्तारित हमीपत्र : एक चिकित्सक वाचन
(घरगुती संगणकाच्या खरेदीच्या संदर्भात)

गोषवारा

घरी वापरण्यासाठी संगणक विकत घेताना मूळ किमतीवर काही रक्कम भरून हमीची मुदत वाढवून घ्यावी किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. प्रस्तुत लेखात विस्तारित हमीपत्राकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे. 'हमी' या शब्दाचे मराठी व्यवहारातील अर्थवलय, हमीपत्राची भाषा व रचना, त्यामागील हिशेब आणि भारतीय कायद्यातील स्थान या चार अंगांनी तिची चिकित्सा केली आहे. हमीपत्र ज्या नुकसानीची भरपाई करते ते नुकसान सामान्यतः पेलण्याजोगे असते आणि जे नुकसान पेलण्याजोगे नसते ते हमीपत्र हेतुपुरस्सर वगळते, असा या लेखाचा प्रतिपाद्य विचार आहे.

बीजसंज्ञा : हमी, विस्तारित हमीपत्र, ग्राहक संरक्षण, संहिता, जोखीम

१. प्रस्तावना

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि त्याच्या 'एमएस-सीआयटी' या अभ्यासक्रमाने संगणक हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचविला. त्या काळी संगणक शिकण्यासाठी वर्गात जावे लागे. आज तो घरातील एक वस्तू झाला आहे. महाविद्यालयीन अध्यापकाच्या बाबतीत तर ती वस्तूही राहिलेली नाही. प्रश्नपत्रिका, गुणतक्ते, शोधनिबंधांचे मसुदे, नॅकच्या अहवालासाठी जमविलेली कागदपत्रे आणि कित्येकांचा अपुरा प्रबंध, असे सर्व काही त्या एका यंत्रात साठविलेले असते. अध्यापकाची अभ्यासिका कपाटातून संगणकात स्थलांतरित झाली आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

असे यंत्र विकत घेताना देयक तयार होण्याच्या क्षणी विक्रेता एक प्रश्न हमखास विचारतो, "सर, दोन वर्षांची वॉरंटी वाढवून देऊ का?" छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीचे औरंगाबाद) लहान दुकान असो, मोठे दालन असो, प्रश्न तोच असतो. उत्तर देण्यासाठी मिळणारा अवधीही तेवढाच, म्हणजे फार तर दोन मिनिटांचा. एरवी एका ओळीच्या अर्थासाठी तासभर चर्चा करणारे आपण अध्यापक या प्रसंगी मात्र न वाचलेल्या संहितेवर स्वाक्षरी करतो किंवा न वाचताच ती नाकारतो. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणून हे वाचन मांडीत आहे. येथे कोणत्याही एका कंपनीचे हमीपत्र विचारात घेतलेले नाही. अशा पत्रांमध्ये सामान्यपणे आढळणाऱ्या कलमांचाच विचार केला आहे.

२. 'हमी' या शब्दाचे अर्थवलय

मराठवाड्यातील वाचकाच्या मनात 'हमी' या शब्दाबरोबर दोन जोडशब्द सहज उभे राहतात, 'रोजगार हमी' आणि 'हमीभाव'. १९७२ च्या दुष्काळाने हा प्रदेश होरपळला. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला त्या काळात व्यापक रूप आले. १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास १५ दिवसांच्या आत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन या कायद्याने शासनावर घातले. या योजनेसाठी निधी उभा राहावा म्हणून १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लागू झाला. आजही अध्यापकाच्या वेतनपत्रकात ही कपात दिसते. हमीभावाचे स्वरूपही याच जातीचे आहे. बाजारातील दर कोसळला तरी एका पातळीच्या खाली शेतकऱ्याला जावे लागू नये, हा त्यामागील हेतू होय. हा हेतू प्रत्यक्षात किती साधतो हा वादाचा विषय असला, तरी शब्दाचा रोख स्पष्ट आहे.

या दोन्ही ठिकाणी हमीची तीन लक्षणे दिसतात. पहिले, हमी देणारा सबळ असतो आणि घेणारा दुर्बल. दुसरे, हमी मिळण्यासाठी दुर्बलाने त्या वेळी वेगळी किंमत मोजावी लागत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, संकट जितके मोठे तितकी हमीची गरज व तिचे प्रयोजन मोठे. म्हणजेच मराठी माणसाच्या कानाला 'हमी' हा शब्द आधाराचा, भरवशाचा वाटतो.

कायद्याच्या परिभाषेत मात्र चित्र उलट आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ मध्ये 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' असा भेद केलेला आहे. करारातील जी बाब मूळ हेतूस अत्यावश्यक असते ती 'कंडिशन', म्हणजे शर्त. तिचा भंग झाल्यास खरेदीदार करार नाकारू शकतो. 'वॉरंटी' ही मूळ हेतूस आनुषंगिक असते. तिचा भंग झाल्यास नुकसानभरपाई मागता येते, पण माल नाकारता येत नाही. ज्या शब्दाचे भाषांतर आपण 'हमी' असे करतो तो शब्द कायद्याच्या लेखी दोहोंपैकी दुबळा आहे. आपल्या भाषेतील एक अत्यंत भरवशाचा शब्द एका दुय्यम वचनाला चिकटविला गेला आहे आणि विक्री होते ती या भरवशाच्या शब्दाची. या विसंगतीकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

३. संहितेची रचना

विस्तारित हमीपत्राला दोन आवाज असतात. एक विक्रेत्याचा, मौखिक. दुसरा कागदाचा, लिखित.

मौखिक आवाज दोन टप्प्यांत बोलतो. किंमत ठरेपर्यंत तो यंत्राची स्तुती करतो. यंत्र टिकाऊ आहे, नामांकित आहे, तक्रार येत नाही, असे सांगतो. देयक होण्याच्या वेळी तोच आवाज म्हणतो, "सर, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, कधी काय होईल सांगता येत नाही." तर्कशास्त्राच्या दृष्टीने या दोन विधानांतील एकच पूर्ण बळाने खरे असू शकते. यंत्र उत्तम असेल तर वाढीव हमी अनावश्यक ठरते आणि ती आवश्यक असेल तर आधीच्या स्तुतीचा पुनर्विचार करावा लागतो. तथापि, ही विसंगती आपल्याला जाणवत नाही, कारण पहिल्या विधानाने निर्माण केलेली आपुलकीच दुसऱ्या विधानाने भयात रूपांतरित केलेली असते.

लिखित आवाज याहून सावध असतो. तेथे वचन एका वाक्यात संपते : उत्पादनातील दोषामुळे निर्माण झालेला बिघड दुरुस्त केला जाईल अथवा भाग बदलून दिला जाईल. त्यानंतर अपवादांची यादी सुरू होते. पडझड, द्रवपदार्थ सांडणे, विद्युतदाबातील चढउतार, अनधिकृत व्यक्तीने केलेली दुरुस्ती, सामान्य झीज, बॅटरीची घटलेली क्षमता, संगणक प्रणालीतील बिघाड, विषाणू आणि साठविलेल्या माहितीची हानी. वचनापेक्षा अपवाद लांब असलेली ही संहिता आहे. अपवाद लागू होतो किंवा नाही याचा निर्णयही बहुधा कंपनीच्या तंत्रज्ञाकडेच असतो. म्हणजे वादी-प्रतिवादींपैकी एकाच्याच हाती निवाड्याचा अधिकार राहतो.

मुदतीची भाषाही लक्षपूर्वक वाचावी लागते. 'तीन वर्षांची संपूर्ण सुरक्षा' असे म्हटले जाते तेव्हा त्यातील पहिले वर्ष उत्पादकाने मूळ किमतीतच दिलेले असते. विकली जात असतात ती उरलेली दोन वर्षे. शिवाय ही दोन वर्षे कोण सांभाळणार, हेही पाहावे लागते. उत्पादक, विक्रेता की तिसरीच एखादी संस्था? देयकावर नाव एकाचे, हमीपत्रावर दुसऱ्याचे आणि दूरध्वनी उचलणारा तिसऱ्याचा, असा प्रकार असेल तर बिघाडाच्या दिवशी ग्राहकाने कोणाकडे जावे हा प्रश्न निर्माण होतो.

तिसरा मुद्दा भाषेचा आहे. ही पत्रे प्रायः इंग्रजीत असतात. वेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार वेष्टनावरील अनिवार्य माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते. इतर भाषा त्यांच्या जोडीला वापरता येतात, पण त्या अनिवार्य नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु जी भाषा अभिजात म्हणून गौरविली गेली त्या भाषेत चार ओळींचे हमीपत्र मिळत नाही, ही वस्तुस्थिती भाषेच्या अभ्यासकाने नोंदविलीच पाहिजे. वचन मराठीत ऐकवायचे आणि अपवाद इंग्रजीत छापायचे, या श्रमविभागणीत ग्राहकाच्या वाट्याला फक्त वचन येते.

४. वगळलेले नुकसान

अपवादांच्या यादीतील 'साठविलेल्या माहितीची हानी' हे कलम स्वतंत्र विचारास पात्र आहे. माझ्या माहितीतील एका संशोधक विद्यार्थिनीचा संगणक हमीच्या मुदतीत बंद पडला. सेवा केंद्राने आठवड्याच्या आत साठवणुकीचा भाग बदलून यंत्र परत केले, एक पैसाही घेतला नाही. वचन तंतोतंत पाळले गेले. मात्र जुना भाग नियमानुसार केंद्राकडेच राहिला आणि त्यासोबत क्षेत्रीय अभ्यासातील सहा महिन्यांच्या मुलाखतीही गेल्या. तिची तक्रार कोणाविरुद्धही नव्हती, कारण कोणीही करार मोडलेला नव्हता.

या उदाहरणातून हमीपत्राची मर्यादा स्पष्ट होते. यंत्राची किंमत आणि यंत्रातील मजकुराचे मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत. हमीपत्र पहिलीचेच रक्षण करते. अध्यापकाच्या घरातील संगणकात पहिली गोष्ट काही हजारांची असते, तर दुसरीची किंमत करता येत नाही. बदललेला जुना भाग कंपनीच्या मालकीचा होतो, असे कलमही अनेक पत्रांत असते. त्या भागात विद्यार्थ्यांचे गुण किंवा न झालेल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका असू शकते, याचा विचार हमीपत्र करीत नाही. तो आपणच करावयाचा असतो.

विद्युतदाबाच्या अपवादाचेही असेच आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या, वळवाच्या पावसात वीज वारंवार जाणाऱ्या आणि धुळीने भरलेल्या या प्रदेशात संगणकाला ज्या कारणांनी इजा होण्याचा संभव अधिक, नेमकी तीच कारणे हमीच्या बाहेर आहेत. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ अन्वये वितरण परवानाधारकासाठी सेवेची मानके ठरविली जातात, हे खरे. परंतु यंत्र जळाले ते कोणत्या क्षणी व कोणत्या दाबाने, हे सिद्ध करण्याचे साधन सामान्य ग्राहकाजवळ नसते. परिणामी उत्पादक विजेकडे बोट दाखवितो, विजेचा पुरवठादार घरातील जोडणीकडे आणि घरमालक नशिबाकडे.

पैठण, सिल्लोड किंवा कन्नड येथील ग्राहकासाठी आणखी एक कलम महत्त्वाचे आहे. यंत्र सेवा केंद्रात 'आणून द्यावे' असे लिहिलेले असेल, तर पैठणहून शहरापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर दोनदा कापण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस हमीच्या हिशेबात कोठेच नसतो. तंत्रज्ञ घरी येईल, असे आश्वासन असल्यास ते कोणत्या पिनकोडला लागू आहे हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

५. हिशेब

आता अंकांकडे वळू. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. वाचकाने त्या जागी आपल्या देयकावरील आकडे घालावेत. संगणकाची किंमत ५०,००० रुपये, दोन वर्षांच्या वाढीव हमीची किंमत करासह ६,००० रुपये आणि हमीत बसणाऱ्या बिघाडाच्या दुरुस्तीचा सरासरी खर्च ८,००० रुपये मानू. ६,००० ला ८,००० ने भागल्यास ०.७५ येतात. याचा अर्थ असा की, या दोन वर्षांत असा बिघाड होण्याची शक्यता ७५ टक्के असेल तरच हमीची किंमत वसूल होते. दुरुस्तीचा खर्च २०,००० रुपये धरला तरी ही शक्यता ३० टक्के असावी लागते. आपण विकत घेत असलेले यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात इतक्या प्रमाणात बिघडते असे वाटत असेल, तर हमी वाढविण्यापेक्षा ते यंत्रच न घेणे श्रेयस्कर होय.

अभियांत्रिकीतील विश्वसनीयताशास्त्र येथे उपयोगी पडते. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख स्नानाच्या टबासारखा असतो, असे त्या शास्त्रात सांगितले जाते. सुरुवातीला उत्पादनातील दोषांमुळे बिघाड अधिक, मग दीर्घकाळ ते कमी आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा अधिक. सुरुवातीचा चढ बहुतांशी पहिल्या वर्षाच्या मूळ हमीत येतो. अखेरचा चढ वाढीव हमी संपल्यानंतर येण्याचा संभव अधिक. विकली जाते ती मधली सपाट जागा. बॅकब्लेझ ही अमेरिकी साठवण कंपनी २०१३ पासून आपल्या हार्ड डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी प्रसिद्ध करीत आली आहे. २०२२ ते २०२४ या वर्षांत तिच्या हार्ड डिस्कचे वार्षिक बिघाडप्रमाण १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान होते. ती यंत्रे वातानुकूलित केंद्रांतील आहेत, आपल्या घरातील नव्हेत, हे ध्यानात घेऊनही ७५ टक्के आणि २ टक्के यांतील अंतर बोलके आहे.

जोडणी करून घेतलेल्या, म्हणजे 'असेम्बल्ड' संगणकाबाबत तर आणखी एक बाब दिसते. त्याच्या सुट्या भागांना स्वतंत्र हमी असते. प्रोसेसरला सामान्यतः तीन वर्षे, एसएसडीला तीन किंवा पाच वर्षे. त्यावर विक्रेत्याची वाढीव हमी घेणे म्हणजे आपल्याच मालकीची वस्तू पुन्हा विकत घेण्यासारखे आहे. फक्त प्रत्येक भागाचे देयक व खोके जपून ठेवणे अगत्याचे असते.

६. मग लोक ती का घेतात?

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राने आणि मानसशास्त्राने दिले आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, विक्रेत्याला वस्तूचे गुणदोष माहीत असतात आणि खरेदीदाराला नसतात, तेव्हा बाजार बिघडतो. उत्पादकाने दिलेली मूळ हमी या अज्ञानावरील एक उपाय होय. वाईट वस्तू बनविणाऱ्याला दीर्घ हमी परवडत नाही, म्हणून ती गुणवत्तेची खूण ठरते. परंतु हा तर्क मूळ हमीला लागू पडतो. वेगळी किंमत आकारून विकलेली वाढीव हमी ही गुणवत्तेची खूण नव्हे, तो एक स्वतंत्र माल आहे.

जॉर्ज प्रीस्ट यांनी १९८१ मध्ये हमीचा निराळा सिद्धांत मांडला. जे नुकसान उत्पादक कमी खर्चात टाळू शकतो ते हमीत यावे आणि जे ग्राहक टाळू शकतो ते वगळले जावे, असे त्याचे सार सांगता येईल. हमीपत्रातील अपवादांचे हे एक समर्थनच आहे आणि ते सर्वस्वी नाकारता येत नाही. संगणकावर चहा सांडणे उत्पादक टाळू शकत नाही. माहितीची दुसरी प्रत ठेवणे ग्राहकाच्याच हाती आहे. मात्र हाच सिद्धांत मान्य केला, तर ग्राहकाने आपला पैसाही तेथेच गुंतवावा जेथे तो नुकसान टाळू शकतो, हा निष्कर्ष ओघानेच येतो.

डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या मांडणीनुसार माणसाला लाभापेक्षा तोट्याची टोचणी अधिक असते आणि अल्प शक्यतेला तो वाजवीपेक्षा अधिक वजन देतो. ५०,००० रुपये नुकतेच मोजलेल्या माणसाला ६,००० ही रक्कम लहान वाटते आणि नुकतीच आपली झालेली वस्तू गमावण्याची कल्पना असह्य होते. हेच ६,००० रुपये महिनाभराने मागितले असते तर त्याने दहा वेळा विचार केला असता. विक्रीचा क्षण निवडलेला असतो तो याच कारणासाठी.

७. कायद्याचा आधार

ग्राहक चळवळीच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना झाली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत कार्यरत आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा हे या व देशभरातील अशा प्रयत्नांचे फलित होय. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा त्याने दिली. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. योग्य चाचणीचा आधार नसलेली हमी देणे, ही या कायद्यान्वये अनुचित व्यापारी प्रथा होय.

असे असले तरी दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. या कायद्यात 'उत्पाद दायित्व' असे स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु त्यातील 'हानी'च्या व्याख्येतून स्वतः त्या वस्तूला झालेली हानी वगळलेली आहे. संगणकाने घराला आग लावली तर ते प्रकरण उपयोगी पडेल. संगणकच बंद पडला तर दोषयुक्त वस्तू किंवा सेवेतील त्रुटी या नात्यानेच दाद मागावी लागेल. दुसरी मर्यादा 'अनुचित करारा'संबंधीची आहे. ग्राहकाच्या हक्कात मोठा बदल घडविणाऱ्या एकतर्फी कराराविरुद्ध दाद मागण्याची तरतूद २०१९ च्या कायद्याने प्रथमच केली, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि, अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. सहा हजारांच्या कागदासाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाणार?

अन्य देशांतील तरतुदींशी तुलना उद्बोधक ठरेल. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाद्वारे ग्राहकोपयोगी वस्तूंवर दोन वर्षांची कायदेशीर हमी सदस्य राष्ट्रांसाठी आवश्यक केली. ब्रिटनमध्ये घरगुती विद्युत उपकरणांच्या वाढीव हमीविषयी २००३ मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २००५ च्या आदेशाने विक्रेत्यांवर बंधने घातली. हमीची किंमत वस्तूच्या किमतीसोबत दर्शविणे, ३० दिवस वैध राहील असा लेखी भाव देणे आणि ४५ दिवसांत पूर्ण रक्कम परत घेण्याची मुभा देणे, ही त्यांतील प्रमुख होत. दोन मिनिटांच्या निर्णयाला ४५ दिवसांचा अवधी दिला की भयाची जागा विचार घेतो. भारतातही जीवन व आरोग्य विम्याची पॉलिसी ३० दिवसांत परत करता येते. विस्तारित हमीसाठी मात्र अशी सर्वसाधारण तरतूद नाही. वस्तुतः स्वरूपाने ती विम्याची सख्खी बहीण आहे. तिला विम्याची शिस्त लावलेली नाही, एवढाच भेद.

८. अपवाद कोणते?

विस्तारित हमी सर्वांसाठी निरर्थक आहे, असे प्रतिपादन एकांगी ठरेल. लॅपटॉपचे अनेक भाग एकाच फलकावर जोडलेले असतात. त्यामुळे एक भाग गेला तरी संपूर्ण फलक बदलावा लागतो व खर्च मोठा येतो. अपघाती नुकसानीचाही समावेश असलेली, उत्पादकाने स्वतः दिलेली आणि घरी येऊन सेवा देणारी योजना वाजवी दरात मिळत असेल, तर वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने तिचा विचार अवश्य करावा. त्याचप्रमाणे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला अचानक आठ-दहा हजारांचा खर्च पेलणे कठीण असते. त्याच्यासाठी वाढीव हमी ही हप्त्याने भरलेल्या भिशीसारखी आहे, असा युक्तिवाद केला जाऊ शकतो. या युक्तिवादात तथ्य आहे. पण भिशीत पाळी आली की पैसा परत मिळतो. येथे बिघाड झाला नाही तर तो मिळत नाही आणि बिघाड अपवादात बसला तरीही मिळत नाही. म्हणून अशा अध्यापकाने तीच रक्कम दुरुस्तीसाठी स्वतंत्र ठेवणे अधिक हिताचे होय. ती रक्कम वीज, पाणी, धूळ यांपैकी कोणतेही कारण विचारीत नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मराठीतील 'हमी' हा शब्द मोठ्या संकटातील आधार सुचवितो. विस्तारित हमीपत्र मात्र लहान व पेलण्याजोग्या नुकसानीची आगाऊ किंमत घेते. शब्द आणि वस्तू यांत अंतर आहे.

(२) अध्यापकाचे खरे नुकसान माहितीच्या नाशात आहे आणि तेच हमीपत्र वगळते. म्हणून वाढीव हमीपूर्वी बाह्य हार्ड डिस्क, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत आणि विद्युतदाबापासून रक्षण करणारे यूपीएस यांवर खर्च करावा. घरगुती जोडणीत अर्थिंग नीट आहे की नाही, हेही तपासून घ्यावे.

(३) हमी घ्यावयाचीच असल्यास चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत : ती कोण देतो, ती कधी सुरू होते, काय वगळते आणि सेवा कोठे मिळते. मौखिक उत्तर ग्राह्य धरू नये.

(४) हमीपत्राची मराठी प्रत आणि ते परत करण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत, या दोन मागण्या ग्राहक संघटनांनी व विद्यापीठीय अभ्यासकांनी लावून धराव्यात.

शेवटच्या मुद्द्याविषयी थोडे अधिक. मराठी विभागांत व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिका शिकविल्या जातात. त्यांत अर्ज, इतिवृत्त, जाहिरात यांचे लेखन असते. त्यांच्या जोडीला एका हमीपत्राचे वाचन ठेवावयास हरकत नसावी. वचन कोठे संपते आणि अपवाद कोठे सुरू होतो, हे ओळखता येणे हेही भाषेचेच शिक्षण आहे. आपले विद्यार्थी पुढे संगणकच नव्हे, तर घर, कर्ज आणि नोकरी यांच्या करारांवरही स्वाक्षरी करणार आहेत.